सोडलेला ऑटो

१

जयाबाईला भिलाई शहर एकाच बाजूनं पाठ होतं. लग्न होऊन आल्यापासून तीस वर्षं ती हेमराजच्या स्कूटरवर मागे बसली, आणि साडीतली बाई बसते तशी, दोन्ही पाय डाव्या अंगाला सोडून बसली. सेक्टर सहाहून पॉवर हाउसच्या बाजाराकडे जाताना डाव्या हाताला लागणारं झाड, पाटी, पंक्चरवाला, सगळं तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. उजवी बाजू मात्र कायम तिच्या पाठीला होती, आणि पुढचा रस्ता हेमराजच्या पाठीआड. कुठं वळायचं ते त्यानं ठरवायचं. तिनं वळणावर सीटची दांडी घट्ट धरायची, एवढंच.

मागच्या होळीनंतर एका दुपारी हेमराज ड्यूटीवरून आला, दारातच त्यानं पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत तो गेला. मग स्टील प्लांटचं क्वार्टर रिकामं करावं लागलं. स्कूटर विकली गेली. मुलगा शुभम पुण्याहून येऊन तिला घेऊन गेला. त्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. तो आणि सून टीना सकाळी आठला निघत, रात्री नऊला येत. वीस दिवसांनी जयाच्या लक्षात आलं की तिचा आवाज बसला आहे. सर्दी नव्हती, खोकला नव्हता. वापर नव्हता.

तिनं हट्ट धरला आणि ती परत आली. वैशाली नगरात सिंधुताईंच्या घरावरची एक खोली भाड्यानं घेतली. खुर्सीपारला हातमोजे शिवायचा एक लहानसा कारखाना होता, तिथं नऊ ते चार काम मिळालं. शुभम आला, खोली बघितली, खिडकीचे गज हलवून पाहिले.

"आई, इथून खुर्सीपार म्हणजे भिलाईचं हे टोक ते ते टोक. तू तर कधी एकटी मार्केटला पण नाही गेली."

"शिकीन मी."

"ठीक आहे. एक महिना. रोज घरी पोचली की मला फोन करायचा. एक दिवस पण गडबड झाली ना, रस्ता भूलली, कुठे भटकली, तर मी येऊन सीधा सामान बांधतो. डिसेंबरच्या एंडचं तुझं तिकीट मी आत्ताच काढून ठेवतो."

"काढ," जया म्हणाली. "मले काय."

पण तो गेल्यावर ती बराच वेळ पलंगावर बसून राहिली. या खोलीत तिला ओळखणारं कोणी नव्हतं, या गल्लीतही नव्हतं. तरी ही खोली तिची होती. हिच्यात तिनं कडी लावली की आत कोण आहे ते ठरलेलं होतं.

२

रस्ता तसा सरळ होता. वैशाली नगरातून सुपेला चौकापर्यंत पायी. तिथून वाटून जायच्या ऑटोनं पॉवर हाउस. तिथं उतरून दुसरा ऑटो, खुर्सीपार. येताना हेच उलट. जयानं एक वही केली. डाव्या पानावर 'जाताना', उजव्या पानावर 'येताना', आणि प्रत्येक पानावर फक्त डाव्या हाताच्या खुणा, कारण तिला तशीच सवय होती. ऑटोतही ती मागच्या सीटची डावी कड मिळाली तरच बसायची. मधे बसली की तिला आपण कुठल्या गावात आहोत तेही कळत नसे.

अडचण दोनच गोष्टींची होती. पहिली, या ऑटोंना ठरलेले थांबे नसतात. आपली जागा आली की ओरडून सांगावं लागतं. इंजिनचा खडखडाट, त्यात गाणी, आणि जयाचा आवाज सुईच्या दोऱ्यासारखा. पहिल्या आठवड्यात ती तीनदा सुपेला सोडून पुढं नेहरू नगरापर्यंत गेली आणि पायी परत आली. हे तिनं शुभमला सांगितलं नाही.

दुसरी अडचण बसण्याचीच. समोर ऑटो थांबला की तिचे पाय जड व्हायचे. याच्यात गडी माणसंच आहेत, जाऊ दे. हा घाईत दिसतो, जाऊ दे. याच्यात कडेची जागा नाही. असे एक-दोन ऑटो सोडल्याशिवाय ती कधी बसली नाही. एखाद्या दिवशी पाच.

नोव्हेंबरचा शेवट होता. पॉवर हाउसच्या पुलाखाली तिनं असेच दोन ऑटो जाऊ दिले आणि तिसऱ्यात बसली. चालवणाऱ्यानं डोक्याला गमछा बांधला होता. त्यानं आरशातून पाहिलं, मग मान वळवून पाहिलं.

"का होगे दीदी? आप तो आगे वाले में बैठ गए थे न?"

"नाही... नहीं भैया. मैं तो इधरच खड़ी थी."

"अरे, हमारे सामने बैठे आप. हमीं तो बोले कि दीदी को किनारे जगह दो."

बाजूला बसलेला म्हातारा हसला. "चश्मा बनवा ले बेटा. इसको सब दीदी एक जैसी दिखती हैं."

सगळे हसले. जयाही हसली. तिच्या वयाच्या, तिच्या उंचीच्या, खांद्यावर कापडी पिशवी अडकवलेल्या बाया या रस्त्यावर रोज शेकड्यानं असतील. तिला एवढंच वाटलं, की आपण इतक्या सारख्या दिसतो हे कुणी तोंडावर सांगायला नको होतं.

३

त्यानंतरच्या बुधवारी ती घरी आली तेव्हा सिंधुताई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. जिना बाहेरून होता, ओट्याला लागूनच.

"अव जयाबाई!" सिंधुताई म्हणाल्या. "आताच तं वर गेल्या तुमी. मी म्हटलं, चहा घ्या, तं हात हलवला अन् गेल्या. खाली कवा उतरल्या?"

"मी आताच येऊन राहिली, ताई."

"आता? मंग वर कोन गेलं?"

जयानं जिन्याकडं पाहिलं. मग सिंधुताईंनी शेंगा हातानं पसरल्या. "जाऊ द्या बाप्पा. मोतीबिंदू पिकला माझा. नातू म्हणते ऑपरेशन कर, अन् मी म्हणते उन्हाळ्यात करीन."

जया जिना चढली. चौदा पायऱ्या. कुलूप जसंच्या तसं होतं. आत सगळं जागच्या जागी होतं: पलंगावरची चादर, खिडकीतली तुळस, स्टोव्हशेजारी उपडी ठेवलेली पातेली. तिला स्वतःचंच हसू आलं. ती पाय धुवायला मोरीत गेली.

मोरीची फरशी ओली होती.

सकाळी सहाला तिची अंघोळ झाली होती. दहा-अकरा तासांत, थंडी असली तरी, फरशी कोरडी व्हायला हवी. तिनं नळाखाली बोट धरलं आणि शंभरपर्यंत आकडे मोजले. एक थेंबही पडला नाही. नंतर तिनं पाण्याचा मग उचलून पाहिला. तो बादलीच्या कडेला, कान भिंतीकडं करून ठेवला होता, ती रोज पाय धुतल्यावर ठेवते तसाच. पण सकाळी तिनं तो तसा ठेवला होता की नाही, हे तिला आठवेना. कोण लक्षात ठेवतं?

तिनं ओल्या फरशीवर उभं राहून पाय धुतले.

४

मग तिनं शुभमला फोन लावला.

"हां आई, बोल. काही राहिलं का?"

"राहिलं काय? पोचली मी."

"अगं, सांगितलं ना तू. दहा मिनिट पहले. टीनाला पण लावला होता फोन."

फोनमध्ये त्याच्या ऑफिसातले आवाज येत होते. कुणीतरी लांब हसत होतं.

"आई? सब ठीक है ना?"

त्या 'ठीक है ना'मध्ये जयाला बॅगेची चेन ओढल्यासारखं ऐकू आलं. ती पटकन म्हणाली, "हो रे. असंच लावला. आवाज ऐकायचा होता."

"मस्त बोलत होती आज तू. एकदम खुलके. पहले कैसी डरती थी. टीना पण म्हणाली, आई बदलल्या."

फोन ठेवल्यावर तिनं तो खिडकीशी नेला, चष्मा लावला आणि केलेल्या फोनांची यादी उघडली. आजचा एकच फोन होता, आत्ताचा. त्याच्याखाली कालचा.

विसरभोळेपणा असेल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. गावाकडची तिची मावशी शेवटी शेवटी जेवून उठायची आणि पुन्हा पाटावर बसायची. पण मावशी केलेलं विसरायची. जयाच्या बाबतीत, तिनं न केलेलं लोकांना आठवत होतं. या दुखण्याचं नाव तिला माहीत नव्हतं. आणि नाव विचारायला कुणाकडं जाणार? सिंधुताईंना सांगितलं तर त्या त्याच संध्याकाळी पुण्याला फोन लावतील, काळजीपोटीच. शुभमला सांगणं म्हणजे आपणच आपलं सामान बांधणं. महिना पुरा व्हायला अजून अठरा दिवस होते.

तिनं दाराची कडी लावली. मग उठून कडी लागली आहे ना ते पाहिलं.

५

कारखान्यात तिच्या शेजारच्या मशीनवर गीतांजली बसायची. जीभ कात्रीसारखी, पण मन साफ. जयाचं काम शिवलेले मोजे उलटवण्याचं: एक बोथट सळई आत घालून एकेक बोट बाहेर काढायचं, मग पाच बोटांचा पंजा टेबलावर ठेवायचा. संध्याकाळपर्यंत टेबलभर रिकामे हात जमायचे.

"गीता, तुले कोनी कधी म्हटलं का, की तू तिकडं दिसली, अन् तू तं इकडंच होती?"

"रोजच म्हणते माझा नवरा. मी कामावर असते अन् त्याले टॉकीजमंदी दिसते." गीतांजलीनं दोरा दातानं तोडला. "कावून? तुमी कोठी दिसल्या?"

"ऑटोत."

"मंग जुळी बहीण असन. मायले विचारा, कोन्या जत्रेत हरवली म्हणून." ती हसली, आणि मग जयाचा चेहरा पाहून थांबली. "अव काकू, मजाक केला. झोप नाई होत का तुमाले? एकल्या राहता. एकलं राहिलं की असंच होते. माझी सासू तं रेडिओशी भांडते."

जयानं पुढं काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तिनं वहीत आणखी एक पान सुरू केलं. पॉवर हाउसला ती किती वाजता पोचली, कुठला ऑटो किती वाजता सोडला, कुठल्यात बसली. घरी आल्यावर सिंधुताईंना सहज विचारायची, "ताई, मी कवा आली व?" त्याही, म्हाताऱ्या माणसाला वेळ सांगायला आवडतो तसं, आतल्या घड्याळाकडं पाहून सांगायच्या. कधी म्हणायच्या आत्ताच. कधी म्हणायच्या, "अव, मघाशीच तं आल्या, पंधरा मिनिटं झाले."

नऊ दिवसांच्या नोंदी झाल्यावर तिनं त्या एकाखाली एक लावून पाहिल्या. ज्या दिवशी तिनं एक ऑटो सोडला त्या दिवशी फरक चार-पाच मिनिटांचा. तीन सोडले तर पंधराचा. एका शुक्रवारी ती फार दमली होती, सहा ऑटो सोडले होते, आणि त्या दिवशी शुभम म्हणाला होता, "आई, अर्धा तास झाला ना आपलं बोलून?"

जो ऑटो ती पहिल्यांदा सोडत होती, त्या ऑटोनं कुणीतरी घरी जात होतं.

६

हे खरं की खोटं ते एकदा पाहायचं, असं तिनं ठरवलं. दुपारचे सव्वाचार झाले होते, पुलाखालून ऊन तिरपं आत येत होतं. पेरूच्या एका गाडीजवळ ती उभी राहिली. पहिला ऑटो आला. आत चार तरुण पोरं, मोठ्यानं गाणं चाललेलं. "सुपेला, सुपेला, नेहरू नगर! आओ दीदी!"

रोजचे जड पाय आज तिनं मुद्दाम जड केले. ती दोन पावलं मागं सरली, पेरूच्या गाडीआड.

चालवणाऱ्यानं ती जिथं उभी होती तिकडं पाहिलं. मग मान मागं करून म्हणाला, "खिसको भैया, खिसको. दीदी को किनारे बैठने दो." पोरं उजवीकडं सरकली. मागच्या सीटची डावी कड रिकामी झाली.

गाडीवर पेरूंचा ढीग होता, वर तराजू टांगलेला. त्या दोघांच्या मधल्या फटीतून जयाला फार थोडं दिसलं. एका हातानं ऑटोची दांडी धरली. बाहेर लोंबणारा पदर दुसऱ्या हातानं आत ओढून घेतला गेला. करड्या रंगाचा, मरून काठाचा पदर. जयानं खाली वाकून स्वतःची साडी पाहिली, जशी काही सकाळी काय नेसलं तेच ती विसरली होती. वर पाहीपर्यंत ऑटो हलला.

लगेच मागून आलेल्या ऑटोत ती चढली, मधे, दोन माणसांच्या आत घुसून. काचेतून पुढचा ऑटो दिसत होता, कधी एका ट्रकआड जायचा, पुन्हा दिसायचा. तिनं काय पाहिलं? एक बाई ऑटोत बसली. साडी तशीच असेल. अशी साडी आकाशगंगाच्या बाजारात गठ्ठ्यानं मिळते. ती हे स्वतःला सांगत राहिली, आणि सुपेला चौक आला.

पुढच्या ऑटोतून हाक आली. "भैया, साइड में लगाना!"

आवाज तिचाच होता. लग्नातल्या एका कॅसेटवर तिनं तो एकदा ऐकला होता, म्हणून ती तो ओळखू शकत होती. पण तो कुठंही अडखळला नाही, चिरकला नाही. गाण्याच्या वरून, इंजिनच्या वरून स्वच्छ गेला, आणि ऑटो मुकाट्यानं कडेला लागला. भाजीची पाटी घेऊन बसलेल्या दोन बायांनी मान उचलून पाहिलं, आणि त्यांतली एक ओळखीचं हसली.

जया उतरली तेव्हा चौकात नेहमीची गर्दी होती, आणि तीत तशी साडी कुठंच नव्हती.

घरापर्यंत चालताना तिला भीती वाटली, हे खरंच. पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते तिला जास्त लागलं. भाजीवाली आजवर जयाकडं पाहून कधी हसली नव्हती.

७

रविवारी दुपारी शुभमचा फोन आला. तो आनंदात होता.

"आई, एक खुशखबर. तिकीट कॅन्सल केलं मी."

"कोनतं?"

"तुझं, पुण्याचं. तू जीत गयी. टीना म्हणाली, आईंना तिथेच राहू द्या, त्या खुश आहेत. और सच में, मला पण वाटतं. एवढी तर तू बाबा असताना पण नव्हती बोलत."

जया पलंगाच्या कडेवर बसली. हेच तर तिला हवं होतं.

"आणि परवा तू बाबांचं सांगितलं ना," शुभमचा आवाज खाली आला, "ते बरं केलं. किती दिवस मनात ठेवलं होतं तू."

"काय सांगतलं मी?"

"तेच. पाण्याचं. की त्यांनी आवाज दिला, आणि तू आधी कुकरची शिटी होऊ दिली, मग गेली. आई, त्यानं काय फरक पडला असता? दोन मिनिटांनी काही होत नाही. तू रडली, मी पण रडलो. अच्छा लगा. तू कधी काही सांगतच नाही गं."

बाहेर गल्लीत कुणीतरी गादी धोपटत होतं. प्रत्येक धपक्याला मागून एक लहानसा धपका यायचा, समोरच्या भिंतीवरून.

कुकरचं तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. शुभमला नाही, हेमराजच्या फोटोला नाही. रात्री झोप लागायच्या आधी ते समोर यायचं तेव्हा ती कूस बदलायची. नऊ महिने ती त्या गोष्टीसोबत एकटी होती, आणि आता कुणीतरी तिच्या आवाजात ते सांगून टाकलं होतं, रडून घेतलं होतं, आणि मुलाकडून माफीही मिळवली होती.

"आई? आहेस ना?"

"आहे," जया म्हणाली.

८

सोमवारी तिनं एकही ऑटो सोडला नाही.

चारला काम संपलं. पिशवी तिनं आधीच भरून ठेवली होती. खुर्सीपारच्या नाक्यावर पहिला ऑटो आला तो गच्च भरलेला. ती चालवणाऱ्याच्या शेजारच्या अर्ध्या सीटवर बसली, आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या पुढं. रस्ता समोरून अंगावर येत होता. उजव्या हाताला एक शाळा होती, एक मोठं बदामाचं झाड, घड्याळांचं दुकान. इतकी वर्षं ती सगळी तिच्या पाठीमागं होती. पॉवर हाउसला उतरून तिनं दुसऱ्या ऑटोला धावत हात केला. सुपेल्याला ती ओरडली, "भैया, रोको!" आणि ऑटो थांबला. तिचं तिलाच नवल वाटलं. एवढं सोपं होतं हे.

पावणेपाचला ती गल्लीत शिरली. ओट्यावर कोणी नव्हतं. सिंधुताईंच्या आतल्या खोलीतून टीव्ही ऐकू येत होता. ती पाय न वाजवता जिना चढली, कुलूप काढलं, आत जाऊन कडी लावली.

मोरी कोरडी होती.

ती तिथं उभी राहून कोरड्या फरशीकडं पाहत राहिली आणि तिला हसू फुटलं. मग तिनं पाय धुतले, सावकाश, पाणी भरपूर घेऊन. चहा ठेवला. आज ऑटो सोडलाच नाही, तर त्यात बसून येणार कोण? उद्याही असंच करायचं. परवाही. शुभमला फोन करायचा, पण चहा झाल्यावर. आज घाई नव्हती.

चहा कपात ओतला तेव्हा खाली गेटची कडी वाजली.

कुणी असेल. सिंधुताईंचा नातू असेल. पायऱ्यांवर पावलं आली, दमलेल्या माणसाची, मधे एकदा थांबून पुन्हा चढणारी. बारा. तेरा. चौदा. दारापाशी पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग कुलपाला कुणीतरी हात लावला, आणि कुलूप तर कोयंड्यात उघडंच लटकत होतं. दार आत ढकललं गेलं. कडीनं ते धरलं. थोडा वेळ काहीच नाही. पुन्हा एकदा ढकललं, आता हलक्यानं, विचारल्यासारखं.

"ताई," बाहेर तिचा आवाज म्हणाला, "ओ ताई. वर येता का जरा? माझ्या खोलीत कोनी तरी आहे."

खालचा टीव्ही बंद झाला. सिंधुताई धापा टाकत, "काय व? काय झालं?" करत वर येत होत्या. जयानं कप खाली ठेवला. ती दाराशी जाऊन गुडघ्यांवर बसली आणि फरशीपर्यंत वाकली. दाराच्या खालून बोटभर उजेड येत होता, आणि त्या उजेडात चार पाय होते. दोन सिंधुताईंचे, निळ्या स्लिपरांतले. दोन तिच्या तपकिरी चपलांतले, धुळीनं भरलेले. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख काळं होतं. शनिवारी ऑटोच्या पायरीवर ते ठेचलं होतं आणि रात्रभर ठणकलं होतं, हे जयाला नीट आठवत होतं. तिनं स्वतःच्या पायाकडं पाहिलं. आत्ताच धुतलेला, ओला पाय. अंगठ्याचं नख स्वच्छ होतं, गुलाबी.

"कोन आहे व आत?" सिंधुताईंनी दारावर थाप मारली. "कोन होय?"

"मी, ताई," जया म्हणाली. तिचा आवाज मोकळा, खणखणीत निघाला. "मी जया होय."

दारावरची थाप थांबली. मग सिंधुताईंचा आवाज आला, अगदी हळू, दाराकडं तोंड करून नव्हे.

"जयाबाई, हे तं तुमचंच नाव सांगून राहिली. शुभमले फोन लावू का?"

"नको," बाहेरची म्हणाली. ती फार दमलेली वाटत होती, आणि तिच्या बोलण्यात राग नव्हता. "त्याले कायले घोर लावता. रस्ता चुकली असन बिचारी. घाबरवू नका तिले."